पाणी मागणारा

साठच्या दशकात मुंबईत एक माणूस फुटपाथवर, झोपड्यांत निजलेल्या गरिबांना लोखंडी कांबेने मारत सुटला होता. त्याच्यावरून बेतलेला चित्रपट बघायला गेल्या वर्षी नात मला घेऊन गेली. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘सत्य घटनेवर आधारित’, आणि माझी चुळबुळ सुरू झाली. पदर सारखा केला, चपला काढल्या, परत घातल्या. शेजारचा एक बाप्या पॉपकॉर्न चघळत माझ्याकडे रागाने बघायला लागला. बघ बाबा. तुझं काय जातंय?

“आजी, भीती वाटते का गं?” नातीने विचारलं. मी हो म्हटलं. तिला वाटलं, खुन्याची.

तो माणूस खरोखरीच मोकाट होता तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तारापूरच्या खाडीजवळ आमचं घर. वडील आणि काका बोटीवर, आई, काकी आणि मी बोंबील सुकवायला. बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या बांबूवर टांगायच्या आणि पाऊस लागायच्या आत मिळेल तेवढं ऊन साधायचं, हेच आमचं काम. बोईसरहून वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन यायचं. घरात वाचता येणारी मी एकटीच, त्यामुळे मोठ्याने वाचायचं काम माझं. बायका हातातलं टाकून भोवती बसायच्या. एरवी मला हिंग लावून न विचारणारी काकीसुद्धा “पुढं काय, पुढं काय” करायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पण छापलेला मजकूर लवकर संपायचा. मग मी पदरचं घालायला लागले. एका दुपारी मी तोंडावर पेपर धरून वाचून दाखवलं, “तो आधी दाराशी येऊन पाणी मागतो. बाई पाणी आणायला वळली की मागून वार करतो.” असं कुठेही छापलेलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं. बायकांच्या अंगावर काटा आला आणि मला मोठी शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

वाक्याला पाय फुटले. चार दिवसांत तेच वाक्य बोईसरच्या बाजारातून आमच्याकडे परत आलं. तो वैतरणेचा पूल ओलांडून इकडे आलाय, माकुणसारला एका घरी पाणी मागून गेला, असं मासळीवाल्या सांगू लागल्या. माकुणसारचं ऐकून मीही दाराला कडी घालायला लागले. माझीच थाप मला भिववत होती. याला काय म्हणावं?

मग तो माणूस आला. भर दुपारची वेळ, पुरुष नुकतेच बोटी लावून किनाऱ्यावर जाळी विणत बसलेले. माझ्या वडिलांच्या वयाचा, खांद्यावर बोचकं. तारापूरला मोठं बांधकाम चालू होतं, तिथे जायची वाट चुकून तो आमच्या वाडीत शिरला होता. मी बोंबलांपाशी एकटीच होते. तो म्हणाला, “बेटी, थोडा पानी मिलेगा?”

मी दोन पावलं मागे सरकले. आई बाहेर आली. दुपारच्या वेळी दारी आलेल्याला नुसतं पाणी द्यायचं नाही, ही आमची रीत. तिने तांब्याभर पाणी, तांदळाची भाकरी आणि भाजलेला बोंबील त्याच्यापुढे ठेवला. त्याने हात जोडले. “मछली नहीं खाता, माई.”

आता आमच्या वाडीत मासा न खाणारा माणूस कुणी जन्मात पाहिला नव्हता. तान्ह्या पोराच्या तोंडाला पहिली चव लागते ती माशाची. आईमागून आलेली काकी किंचाळली, “मासा खात नाय! पाणी मागतो न् मासा खात नाय!” काका धावत आले आणि त्यांनी तिथल्या तिथे शास्त्र काढलं, “रगत केलेला माणूस दर्याचं खात नाय. दर्या साक्षीला हाय.” असलं शास्त्र मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. कुणीतरी बोचकं ओढलं. त्यातून लोखंडी दांडा पडला. पायाचा धक्का लागून तांब्या कलंडला.

काकांनी वल्हं उचललं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “पेपरात आसंच लिवलंय ना गं? पाणी मागतो म्हून?”

सगळे माझ्याकडे बघत होते. तो माणूसही. नाही म्हटलं असतं, तर इतक्या दिवसांच्या वाचनावर पाणी पडलं असतं. एवढंच माझं जाणार होतं.

मी म्हटलं, “हां. आसंच हाय.”

त्याने चेहऱ्यापुढे उजवा हात धरला. वल्ह्याचा पहिला फटका त्या हातावर बसला. पुढचे किती बसले, मी पाहिले नाहीत. मी बोंबलांच्या आड जाऊन उभी राहिले.

बातमी शेजारच्या कुंभवली गावापर्यंत गेली आणि तासाभराने बांधकामावरचा मुकादम ट्रक घेऊन आला. “अरे, ये तो अपना आदमी है!” तो ओरडला. मार खाल्लेला माणूस सळया वाकवणारा कारागीर होता, दांडा त्याचं हत्यार. उजव्या हाताची बोटं वेडीवाकडी झाली होती. वाडीतले पुरुष एकेक करून जाळ्यांकडे सरकले. काका म्हणाले, “पोरीनं वाचलं, आमी काय करनार?” ते खोटं नव्हतं.

मी तांब्या भरून ट्रकपाशी नेला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “नहीं चाहिए, बेटी.” ट्रक गेला. त्या हाताने पुढे काय काम केलं असेल, हे मी आजवर कुणाला विचारलं नाही.

खरा खुनी पुढे मुंबईत पकडला गेला. मी पेपर वाचणं सोडलं होतं.

चित्रपट मध्यावर आला असेल. पडद्यावर भर दुपारी एक दार वाजलं. एका पोरीने ते उघडलं. खुनी बाहेर उभा होता. तो म्हणाला, “पाणी मिळेल?”

मला वाटलं, उठून ओरडावं, हे खोटं आहे, हे मी घातलंय. दुसऱ्या कुणाला हेच सुचलं असेलही. मला तसं मानायला आवडेल, पण जमत नाही.

पडद्यावरच्या पोरीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि धाडकन दार लावून घेतलं. सगळ्या थिएटरने सुटकेचा श्वास सोडला. काहींनी टाळ्या वाजवल्या.

“हुशार आहे पोरगी,” मागून कुणीतरी म्हणालं.

मी अंधारात पायाने चपला शोधत राहिले.