चक्करझुल्यावर कोणता कॅमेरा न्यावा

गोल फिरणाऱ्या झुल्यावरचा लाकडी घोडा डावीकडून येत होता आणि माझ्या कॅमेऱ्याच्या काचेत तो उजवीकडून शिरत होता. मी कॅमेरा वळवला, तो चुकीच्या बाजूला. काचेत फक्त घोड्याची शेपटी उरली. बटण मात्र दाबलं गेलं.

"अगं, आम्ही इकडे, तू बघतेस तिकडे," मिनूला पुढ्यात घेऊन घोड्यावर बसलेल्या सुलभाताई जाता जाता म्हणाल्या.

सुलभाताई महूच्या. मिस्टर फौजेत, पोस्टिंग दूर डोंगरात. सोमवारी त्यांचा दीर तिकडे निघणार होता. शेवेच्या डब्याबरोबर त्याच्या हाती चार वर्षांच्या मिनूचा हसरा फोटो द्यायचा होता. पण स्टुडिओत दिवे लागले की मिनू रडायची. म्हणून राजवाड्याजवळच्या आमच्या स्टुडिओनं मला त्यांच्याबरोबर प्रदर्शनीत पाठवलं होतं. नवा मध्य प्रदेश झाल्यापासून ही सरकारी प्रदर्शनी हिवाळ्यात भरते. लोक येतात ते झुल्यांसाठी.

निघताना स्टुडिओच्या मालकांनी, ज्यांना सगळे भिया म्हणतात, टेबलावर ढीग मांडला होता. स्टँड, फ्लॅश, बल्बांचा डबा, दोन कॅमेरे.

"सगळं ने. वहाँ जाके याद आया तो कौन दौड़ेगा?"

"मला एकच पुरे. दोन लेन्सवाला."

"क्यों?"

"निगेटिव्ह मोठी मिळते."

ते खरंच होतं. पण छोटा कॅमेरा डोळ्याला लावून लोकांकडे रोखून बघावं लागतं. दोन लेन्सवाला पोटाशी धरतात. वरची लेन्स बघायला, खालची फोटो काढायला. आपण फक्त वाकून काचेत पाहायचं. मान खाली घालून काम होतं. मला ते बरं पडतं. हे भियांना सांगायची गरज नव्हती.

"ठीक है. पण फोटो बिघडले तर बाहेरची कामं बंद. परत रीटचिंग."

रीटचिंग म्हणजे खिडकीशी बसून निगेटिव्हवर पेन्सिलीनं लोकांच्या सुरकुत्या बुजवणं. स्टुडिओत आल्यापासून मी तेच करत होते.

या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, छोट्या कॅमेऱ्यात सरळ, हे मला ठाऊक होतं. स्टुडिओत गिऱ्हाईक हलत नाही, त्यामुळे कधी अडलं नव्हतं. फिरत्या घोड्यापुढे हात सवयीनं चुकीच्या बाजूलाच वळत होते. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि एका गिऱ्हाईकाला एक रोल हा भियांचा नियम. निम्मा रोल शेपट्यांत गेला. उजेड उतरायला लागला होता.

झुला थांबला.

"आलं का काही?" सुलभाताईंनी विचारलं.

"नाही. यात उलटं दिसतं."

"मग सीधं दाखवणारा का नाही आणलास?"

उत्तर लांबलं असतं. मी म्हटलं, "मिनू हलली नाही तर येईल."

"ती कुठे हलतेय? हलतोय तो घोडा."

मुद्दा बरोबर होता. झुल्यावर बसलेल्याला मागचा घोडा जागच्या जागीच दिसतो. म्हणजे मीही झुल्यावर हवी होते. मी वर चढून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बहनजी, खड़े रहना मना है," झुलेवाला म्हणाला. "बैठो या उतरो."

मी त्यांच्या पुढच्या घोड्यावर बसले, तोंड शेपटीकडे करून. लाइनीतले लोक पाहायला लागले.

"मैडम, घोड़े का मुँह उधर है," कोणीतरी सांगितलं. सगळे हसले. मी काचेतून नजर काढली नाही.

घोड्यावर उलटी बसलेली बाई मिनूनं कधी पाहिली नव्हती. आधी तिचं तोंड उघडंच राहिलं, मग ती खिदळायला लागली. काचेत दोघी मध्यभागी, अगदी स्थिर. रोल संपेपर्यंत मी बटण दाबत गेले.

रविवारी भियांनी ओला प्रिंट चिमट्यानं उचलला. "पीछे का तो सब पुँछ गया है."

मागचे दिवे, तंबू, लोक, सगळ्यांच्या रेघा झाल्या होत्या. "चेहरे बघा ना," मी म्हटलं.

त्यांनी प्रिंट बल्बजवळ नेला. मिनूचे दात मोजता येत होते. "अरे, ये तो हँस रही है," ते म्हणाले, आणि शोकेससाठी एक मोठा काढायला सांगितला. सुलभाताईंनी दिरासाठी एक नेला, स्वतःसाठी एक. पुढच्या रविवारी भियांनी मला परत प्रदर्शनीत पाठवलं, एका कुटुंबातल्या जुळ्या मुलींसाठी.

झुल्यावरच्या माणसाचा फोटो खाली उभं राहून काढायचा असेल, तर छोटा कॅमेरा न्यावा. दोन लेन्सवालाच न्यायचा असेल, तर चार लोक हसणार हे धरून चालावं.