पायावरची पट्टी

"पाय ताबडतोब चिरावा लागेल. कंपार्टमेंट सिंड्रोम आहे," सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, "एवढी घट्ट पट्टी कोणी बांधली?"

"मीच," माझा मुलगा दत्तू म्हणाला.

पट्टी मी बांधली होती. मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो.

एकाहत्तरच्या लढाईनंतर मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि माधवनगरच्या एका गिरणीत पहाऱ्यावर लागलो. दत्तू फौजेत जावा, एवढंच मनात होतं. सरावात त्याची उजवी नडगी दुखायची. साताऱ्याला भरतीच्या दिवशी मी माझी जुनी लष्करी पट्टी त्याच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आवळून गुंडाळली. तो पळाला आणि निवडीत बसला.

परतताना एसटीत तो म्हणाला, "आबा, पाय लय ठणकतोय. सोडू का?"

"सोडू नगं, सूज चढंल. फौजेत बी असाच रडनार हाईस व्हय?"

त्यानं पट्टी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पट्टी काढली तर नडगी दगडासारखी कडक झाली होती आणि पायाचा अंगठा वर उचलला जात नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मला समजावलं. स्नायू आखडतो-सैलावतो तेव्हा त्याच्या पेशींत पाण्याची हालचाल चालू असते. फार राबवला की पाणी आत ओढलं जातं, पेशी फुगतात. स्नायूभोवतीचं आवरण, म्हणजे फॅशिया, ताणलं जात नाही. "भिजलेली मटकी फडक्यात करकचून बांधली, तर फुगायला जागा कुठली? तसंच झालं. वरून पट्टी. आत रक्तच पोचेना." आवरण चिरून जागा करणं म्हणजे फॅशिओटॉमी.

जखम बरेच दिवस उघडीच ठेवली होती. ड्रेसिंगच्या वेळी दत्तू उशी चावायचा, मी व्हरांड्यात जायचो. पाय वाचला, पण फूट ड्रॉप राहिला, म्हणजे पाऊल वर उचललं जात नाही. फौज संपली.

तुमच्या घरी कुणाची नडगी श्रमानंतर अशी ताठली, मुंग्या आल्या, दुखणं सोसेना, तर बांधलेलं आधी सोडा. चोळू नका. दवाखाना गाठा. आणि डॉक्टर विचारतील ते खरं सांगा.

घरी सोडायच्या दिवशी मी त्याच्या पायाला आधाराची पट्टी लावत होतो. दत्तू हसला. "आबा, बेतानं. तुमचा हात मला ठावा हाय."

माझा हात थांबला. डॉक्टर पलीकडच्या खाटेशी होते.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "ती पट्टी ह्यानं न्हाई, मी बांधली हुती. सोडू बी मीच दिली न्हाई."

दत्तू म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या की आता."

"न्हाई रं." मी त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरलं. "तू इचारलंस तवाच सोडायला पायजे हुती. वर तुझ्या आडोशाला लपलो. माझं चुकलं, दत्तू. मला माफ कर."