लागो की लावा

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. आई गेली, भाऊ गेला — त्यांनाही माहीत नव्हतं. तुम्हाला सांगते. का सांगते, ते मलाही नीट कळत नाही. आता गप्प बसवत नाही, एवढं खरं.

गोष्ट एका शब्दाची आहे. शब्दाची तरी कसली — त्याच्या शेवटच्या अक्षराची.

आमचं गाव उमापूरच्या अलीकडं. निजामाची अमदानी. सभा भरवायची तर परवानगी लागायची, कीर्तनालासुद्धा. शाप द्यायला मात्र लागत नव्हती. कोंबडी हरवली तरी बायका गल्लीत उभ्या राहून शाप द्यायच्या. कुणी मनावर घेत नसे. आमच्या हातात दुसरं होतं तरी काय?

शेजारची गोदाक्का त्यात सगळ्यांच्या वर. विधवा बाई — एक म्हैस, ओढ्याकाठी थोडं रान. तहसीलदाराचा दौरा आला आणि शिपायांनी घोड्यांसाठी तिचा सगळा कडबा ओढून नेला, चावडीमागं रचला. ती चावडीपुढं जाऊन ओरडली, "आग लागो तुमच्या चावडीला, मेल्यांनो!" मी घागर घेऊन तिथंच उभी होते. लोक हसले. शिपाईही हसले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कडब्याची गंज पेटली. चावडीचं छप्पर गेलं, एक शिपाई भाजला. आग कुणी लावली, का कुणाच्या चिलमीनं लागली — आजही कुणाला ठाऊक नाही.

गेवराईहून पोलिसांचा अमीन आला. माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही त्याच्यावर ढकलाल. बाकीचे घाबरून म्हणाले, आम्ही ऐकलंच नाही. शाळा शिकलेली बाई गावात मी एकटी, चौथीपर्यंत. त्यानं मला पाटलाच्या घरात आत बोलावलं आणि विचारलं, "बददुवा दी, के लोगां को आग लगाने बोली? बददुवा दी तो छोड देता मैं."

इतकं सरळ. शाप असेल तर सोडतो, लोकांना चिथावलं असेल तर गुन्हा. 'लागो' म्हणजे इच्छा, 'लावा' म्हणजे आज्ञा — गुरुजींनी हे छडी घेऊन शिकवलं होतं. मला कळलं नाही, असं म्हणायला जागाच नाही.

आणि मी म्हणाले — 'आग लावा' म्हणाली.

का म्हणाले? थोड्याच दिवसांपूर्वी पाणवठ्यावर गोदाक्का चारचौघींत बोलली होती, "चार बुकं शिकली, पन हिला नांदाया येईना!" सासरनं मला परत धाडलं होतं. बायका खदखदून हसल्या. एवढंच. एवढंच होतं.

अमीनानं ते उर्दूत लिहून घेतलं. कुणी काय सांगितलं, हे गोदाक्काला कधी कळलंच नाही. तिला बीडला नेलं. ती तुरुंगात असताना दिरानं घर-रान आपलं करून घेतलं, म्हैस विकली. आणि गावातले शाप बंद झाले. पाणवठ्यावर बाई तोंड उघडायच्या आधी मागं वळून बघायची. मला तर एकच तोंड बंद करायचं होतं — नाही का?

ती सुटून आली ती वाळून कोळ झालेली. घर नव्हतं, तर माझ्याच ओसरीवर राहिली. येईल त्याला सांगायची, "त्या मेल्या अमीनाला मराठीच कळंना! शापाचा हुकूम केला बगा त्यानं." आणि हसायची. मग माझ्याकडं वळायची — "तू तर तितंच हुतीस की गं. शिकलेली हायेस. सांग ह्यांला, मी काय म्हनले?"

"लागो म्हणालीस, अक्का," मी सांगायचे. चांगलं मोठ्यानं.

मरेपर्यंत ती मलाच साक्षीला बोलवत राहिली. मी दर वेळी खरं सांगितलं.