शेपटीकडे बघा

पोपटांबद्दल बोलायला लागले की लोक मला टाळतात. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत मी जिना उतरताना दिसले की एक-दोन पिंजरे खिडकीच्या ग्रिलवरून गुपचूप आत जातात. नोकरी सांभाळून रविवारी मी कुठल्या तरी शाळेत, सोसायटीच्या हॉलमध्ये नाहीतर गावठाणातल्या समाजमंदिरात उभी राहते आणि तेच तेच सांगते. आपला हिरवा पोपट घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. मिरची त्याला तिखट लागत नाही, पण म्हणून मिरचीवर त्याचं पोट भरत नाही. चहा, मीठ, तेल त्याला विषासारखं. लोक माना डोलावतात, आणि शेवटी कोणीतरी हमखास उठून म्हणतं, "मॅडम, आमचा मिठू मात्र एकदम खूश हाय. रोज चहा-बिस्कूट खातो." पालथ्या घड्यावर पाणी. मग माझं डोकं फिरतं, मी नको तेवढं बोलते, आणि तिथून पुन्हा बोलावणं येत नाही.

रबाळ्याजवळच्या एका गावठाणातही त्या दिवशी असंच झालं. मी तणतणत प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळत होते. हॉल रिकामा झाला होता. एक बाई तेवढी दाराशी थांबली होती, तिशीतली, हातात चपला घेऊन.

"ताई, घरी याल काय? आमची ती जेवत नाय," ती म्हणाली.

मला वाटलं, घरात कोणी आजारी माणूस असेल. मी डॉक्टर नाही, असं मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "डॉक्टरचं काम नाय. तुमी पोपटवाल्या ना? मग तुमीच या."

घर तीन मजली, नव्या टाइल्सचं. खालच्या खोल्यांत कंपन्यांतले भाडेकरू, वर हे कुटुंब. जिन्यातच उदबत्तीचा वास इतका दाट होता की मला ठसका लागला. वरच्या खोलीत खिडक्या बंद होत्या. भिंतीवर एका बाईचा फोटो, त्याला हार, आणि फोटोच्या बरोबर खाली पिंजरा. पिंजऱ्यापुढे ताट वाढून ठेवलं होतं: तांदळाची भाकरी, भात, बोंबलाचं कालवण, बशीत चहा. दोन्ही बाजूंना उदबत्त्या जळत होत्या. समोर पाटावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, मला घेऊन आलेल्या बाईचे सासरे. मी त्यांना काका म्हणाले. त्यांनी नुसतं बोटाने बसायला सांगितलं, झोपलेल्या माणसाजवळ सांगतात तसं.

आणि मग पिंजऱ्यातून खोकला आला.

पोपट शिट्ट्या मारतात, कुकरचा आवाज काढतात, ते मी खूप ऐकलंय. हा आवाज तसा नव्हता. हा म्हाताऱ्या बाईचा खोल, ओला खोकला होता. मध्ये श्वास अडकला, पुन्हा उबळ आली, आणि शेवटी दमलेल्या आवाजात कोणीतरी "आई गं" म्हणालं. पण त्या आवाजापेक्षा मला जास्त भीती वाटली ती सुनेची. खोकला सुरू होताच ती उठली, डोक्यावर ओढणी घेतली, माठातून पेला भरला आणि पिंजऱ्याजवळ नेऊन उभी राहिली. ती हे विचार करून करत नव्हती. वर्षानुवर्षं ह्या खोकल्याला ती अशीच उठली असणार.

हळूहळू सगळं कळलं. कुठल्याशा बांधकामासाठी झाड तोडलं तेव्हा ढोलीतून पडलेलं पिल्लू काकूंनी, म्हणजे फोटोतल्या, काकांच्या बायकोने, घरी आणून वाढवलं होतं. काकू पावसाळ्यापूर्वी गेल्या. दहाव्याला तळ्यावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. ऊन चढलं तरी शिवेना. काकांनी हात जोडून एकेक कबूल केलं: नातवाचं नीट करीन, सुनेला काही कमी पडू देणार नाही. तरी नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला आणि सगळे मान खाली घालून घरी आले. दार उघडलं, तर आतून काकूंच्या आवाजात हाक आली, "अवं, या ना जेवाला."

"आता तुमीच सांगा, ती कुठं गेली?" काका मला म्हणाले. "ती गेलीच नाय."

तेव्हापासून पोपटाला काकूंचं जेवण होतं. त्यांना आवडायचं ते, त्यांच्या ताटात, त्यांच्या वेळेला. अलीकडे तो घास घेईना, म्हणजे काकू कशावर तरी रुसल्या असं ठरलं, आणि उदबत्त्या वाढल्या.

माझ्या जिभेवर भाषण तयारच होतं. काका, हा पक्षी आहे, याला धूर सोसत नाही, मीठ सोसत नाही, तुम्ही याला प्रेमाने मारताय. त्यातलं निम्मं मी बोललेही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी आजारी हा शब्द काढला तेव्हा मात्र ते किंचित हसले.

"खोकला होय? तो जुनाच हाय. ती आधीपासून खोकते."

तेव्हा कुठे मी पिंजऱ्याशी वाकून पोपटाला नीट पाहिलं. पोपट खरंच आजारी होता. पिसं फुगलेली, नाकपुडीभोवती सुकलेला चिकटा, छातीचं हाड वर आलेलं. पण ते त्यांना दिसणार कसं? दुखण्यावर काकूंच्या खोकल्याचं पांघरूण पडलं होतं. असाच आणखी थोडा काळ गेला असता तर पोपट मेला असता, आणि काकांची बायको दुसऱ्यांदा गेली असती.

मी उठून उदबत्त्या विझवल्या. विचारलं नाही. सुनेला खिडकी उघडायला सांगितली आणि काकांना म्हणाले, "खोकला ऐकू नका. खोकला काकूंचा आहे, तो त्याने शिकून घेतलाय. धाप मात्र त्याची स्वतःची आहे. तो गप्प असेल तेव्हा शेपटीकडे बघा."

काका पिंजऱ्याजवळ सरकले. पोपट दांडीवर डोळे मिटून गप्प बसला होता. प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी वर-खाली, वर-खाली होत होती. बसल्या जागी, काही न करता. धडधाकट पक्षी बसलेला असताना त्याचा श्वास शेपटीला कळत नाही, एवढंच मी सांगितलं. काका शेपटीबरोबर मान वर-खाली करत बघत होते. खालून भाडेकरूंच्या टीव्हीचा आवाज येत होता.

"तिचे पन खांदे असेच हालायचे," शेवटी ते म्हणाले. "शेवटी शेवटी. बसल्या जागी. आमी म्हनायचो, खोकला हाय, जुना हाय, व्हईल बरा. खोकलाच आयकत बसलो आमी."

सून ओढणीत तोंड लपवून रडायला लागली. काकांनी पिंजऱ्याच्या गजांतून एक बोट आत घातलं, पोपटाच्या पायाला लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्या. लगेच न्या. पन तिला कोंडून नका ठेवू."

वनखात्याला रीतसर कळवून पोपट उरणच्या बाजूला पक्ष्यांवर उपचार होतात तिथे नेला. फुफ्फुसापर्यंत धूर आणि जंतू पोचले होते, खारट-तेलकट खाण्याने यकृत थकलं होतं. काका आठवड्याला फोन करायचे. पोपटाचं नाव नाही, तब्येतीची चौकशी नाही, नुसतं "हाय का?" असं विचारायचे. मी हाय म्हणायचे. पिसं आली, दाणे फोडायला लागला, मग त्याला उडायला जागा असलेल्या मोठ्या जाळीत इतर पोपटांबरोबर सोडलं. तिथे तो आमची भाषा हळूहळू टाकून देईल हे मला माहीत होतं. पोपट माणसांशी माणसांसारखं बोलतो, कारण दुसरं कोणी नसतं. हे मी भाषणात मोठ्या आनंदाने सांगते. काकांना मात्र ते सांगायचं मी दोन-तीन फोन पुढे ढकललं, मग सांगितलं.

हिवाळ्यात त्यांना भेटायला नेलं. सून डबा घेऊन आली होती. मी निघतानाच तो उघडून पाहिला आणि पोपटाला द्यायचा नाही असं बजावलं. काका जाळीपाशी बाकावर बसले. त्यांचा पोपट त्यांनी ओळखला, पण त्याने काही त्यांना ओळखल्याचं दाखवलं नाही. वरच्या फांदीवर तो दुसऱ्याची मान खाजवत बसला होता. एक शब्द बोलला नाही. ऊन कलायला लागलं. काका हात मांडीवर ठेवून बसून होते, आणि मी मनातल्या मनात परतताना त्यांच्याशी काय बोलायचं ते जुळवत होते.

तेवढ्यात खोकला आला. तोच. मध्ये अडकलेला श्वास, पुन्हा उबळ, शेवटी दमलेलं "आई गं." सून ओढणी डोक्यावर घेत उठली. मी वर बघितलं, तर काकांचा पोपट चोच बंद करून स्वस्थ बसला होता. खोकत होतं ते खालच्या दांडीवरचं एक कोवळं पाखरू, लाल कंठसुद्धा न फुटलेलं. काकू गेल्यानंतर कधीतरी ते जन्माला आलं असणार. त्याचं झाल्यावर पलीकडच्या कोपऱ्यातून आणखी एकाने तसाच खोकला काढला. जाळीत किती जणांनी तो उचलला होता, देव जाणे. मी विज्ञान सांगणारी बाई, पण मीही नकळत पिशवीतली पाण्याची बाटली काढली होती.

काकांनी सुनेला हाताने थांबवलं. ते उठले, जाळीजवळ गेले आणि त्या पाखराकडे वाकून बघत राहिले.

"शेपटी हालत नाय," ते म्हणाले. "बरी हाय ती."

मग बाकावर येऊन त्यांनी डबा उघडला आणि जेवायला सुरुवात केली.