रुमालाखालचा भाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला न्हाई, बहिणीला न्हाई — आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर न्हाईच. तुम्हाला का सांगते? माहीत नाही. नुसतं ऐका.

मी नांदेडला अर्थशास्त्र शिकवते. मूळची भोकरकडची, शेतकऱ्याची पोर. यास्मिन उदगीरची. लातूरला एम.ए. करताना आम्ही एका खोलीत राहायचो. तिचे अब्बा त्यांच्याकडच्या एका मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत्याचे मुनीम. तेव्हा तिथं तुरीचा भाव रुमालाखाली ठरायचा — घेणारा आणि मुनीम एकमेकांची बोटं दाबून बोलायचे, आणि ज्याची तूर तो शेजारी उभा राहून नुसता रुमालाकडं बघायचा. खरा भाव त्याला कळायचा का कधी? हाच यास्मिनचा प्रश्न होता.

म्हणून तुरीचा एक अख्खा हंगाम आम्ही दोघी त्या मोंढ्यात बसलो. सौदा झाला की अब्बा यायचे आणि तोच भाव आमच्या बोटांवर दाबून दाखवायचे. कधी तिच्या, कधी माझ्या. "बेटी, बराबर लिख," एवढंच म्हणायचे. वह्यांत लिहायचे मी. माझं अक्षर चांगलं म्हणून.

पुढं मी पीएच.डी. केली, बढत्या घेतल्या, चार पुस्तकं छापली. कोण वाचतंय? यास्मिन एका छोट्या कॉलेजात राहिली, त्या वह्यांवर एकच लेख लिहिला — आणि तो दिल्लीपर्यंत गेला. सेमिनारला लोक मला विचारायचे, तुम्ही यास्मिनमॅडमच्या मैत्रीण ना? अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. वरून हसून हो म्हणायचे. आपल्याच जिवलग माणसावर जळलात का तुम्ही कधी? मी लई जळले.

मग बाजार सुधारणेसाठी सरकारी समिती नेमायचं ठरलं. यास्मिनला घ्यावं का, म्हणून तिच्या लेखावर माझं गोपनीय मत मागवलं. ती माझी मैत्रीण आहे, हे कळवायला पाहिजे होतं. नाही कळवलं. बसले, आणि — लिहिलं. की नोंदी ऐकीव आहेत. घरच्या माणसाकडून घेतलेल्या आहेत. धोरण ठरवताना त्यांच्यावर भरवसा ठेवता येणार नाही.

ऐकीव! त्या वह्यांमधलं अक्षर माझं होतं.

तिला घेतलं नाही. तिचा फोन आला. कुणीतरी नोंदींना ऐकीव म्हणलंय, असं तिला कळलं होतं. मग म्हणाली, "तू होतीस ना गं तिथं? दोन ओळी लिहून देशील?"

"हाव, देते की," मी म्हणाले.

आजतागायत दिल्या नाहीत. महिन्याभरात समितीचं पत्र आलं — मला. पहिलं अभिनंदन तिचंच. "तू हायस तिथं, म्हणजे आपलं काम झालंच समज." दोन वर्षं मी बैठकांना जात राहिले. वह्यांचं नाव एकदाही काढलं नाही. अहवालात रुमालाचा उल्लेखसुद्धा नाही.

अब्बा आता नाहीत. यास्मिन अजून शिकवते. दरवर्षी वर्गात त्या वह्या नेते म्हणे, आणि पोरींना पान उघडून दाखवते — हे अक्षर बघा, माझ्या मैत्रिणीचं आहे. ती बराबर लिहायची.