एका माणसाची नाव

माझ्या नणंदेला सगळी गल्ली सिस्टर म्हणते. सरकारी रुग्णालयात ती चौतीस वर्षे परिचारिका होती. निवृत्तीनंतरही कोणाचे इंजेक्शन, कोणाचे ड्रेसिंग, असे चालूच राहिले. तिच्या भावाचे, म्हणजे माझ्या यजमानांचे, शेवटचे अकरा महिने तिनेच निभावले. तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. बाहेरून आली की ती खुर्चीत टेकते आणि बूट काढणेही तिच्या जिवावर येते. मी काढायला वाकले की म्हणते, "राहू द्या वहिनी, तुमची कंबर धरेल."

जानेवारीत ती म्हणाली, "मी कयाक शिकणार आहे."

"त्रेसष्टाव्या वर्षी?"

"वॉर्डाच्या खिडकीतून तलाव दिसायचा. त्या अरुंद नावांकडे बघत मी सलाइनच्या बाटल्या बदलल्या. त्यात एकालाच जागा असते. दुसऱ्या कोणाला घ्यावंच लागत नाही."

वर्ग दर शनिवारी सकाळी सातला. शिकवणारे गृहस्थ अग्निशामक दलातले निवृत्त. गळ्यात सदैव शिट्टी, म्हणून आमच्यात ते शिट्टी सर. मार्चअखेर दोन दिवसांची सफर होती: काठाकाठाने तलावाच्या पलीकडच्या टोकापर्यंत, मध्ये एक मुक्काम. त्यानंतरची थेट नोव्हेंबरात.

"तोवर गुडघे माझ्यासाठी थांबणार आहेत थोडेच," सिस्टर म्हणाली.

वल्हे मारणे तिला चटकन जमले. अडले ते भलतीकडेच. सफरीला जायचे तर आधी मुद्दाम उलटावे लागे आणि मग दुसऱ्याकडून स्वतःला वाचवून घ्यावे लागे. उलटलेल्याने सरांची नाव धरून राहायचे. त्याची नाव उचलून त्यातले पाणी काढणे हे सरांचे काम. सिस्टर उलटली, वर आली, सरांची नाव धरली. पण सर एकटे ओझे उचलताहेत हे दिसताच हात सोडून दुसरे टोक उचलायला गेली. नाव पुन्हा भरली.

"सिस्टर, बुडालंय कोण?" सरांनी विचारले.

"मी."

"मग बुडाल्यासारखं वागा की."

दुसऱ्या शनिवारी हेच चार वेळा झाले. चौथ्या वेळी तिने पाण्यातूनच बजावले, "असं पाठीतून वाकू नका, मणका जाईल." काठावरची मंडळी हसली. सर हसले नाहीत.

"वाऱ्यात असं केलंत तर नाव एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. मी कोणामागे जाऊ? पुढच्या शनिवारीही जमलं नाही, तर मी तुम्हाला सफरीला नेणार नाही."

घरी आल्यावर तिने ओले कपडे दोरीवर टाकले. मग म्हणाली, "जन्मभर पेशंटना सांगत आले, हलू नका, आम्ही आहोत ना. किती अवघड काम सांगत होते मी."

पुढच्या शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या आजी न्हाणीघरात घसरल्या. सिस्टर त्यांच्यापाशी बसून पहाटे परतली. डोळे लाल, पाय सुजलेले.

"आज नको जाऊस," मी म्हटले.

"मग कधी?" असे म्हणत तिने टॉवेल उचलला.

सात पंचविसाला ती उलटली. वर आली, सरांची नाव धरली, तिच्यावर गाल टेकला आणि डोळे मिटले. काठावर बसलेली मी घाबरून उभी राहिले. सरांनी तिची नाव आडवी ओढली, पाणी ओतले, सरळ केली. सिस्टर हलली नाही.

"चढा," सर म्हणाले. तशी ती सावकाश चढली.

काठावर मी तिच्याभोवती टॉवेल गुंडाळला.

"काही करायची ताकदच उरली नव्हती, वहिनी," ती म्हणाली.

"सरांना वाटलं, तू शिकलीस."

"वाटू द्या."

घरी आल्यावर मी तिचे बूट काढले. ती नको म्हणाली नाही.

सफरीच्या पहिल्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. खालच्या आजींचा मुलगा होता.

"सिस्टर आहेत? आईची पट्टी सैल झालीय."

"नाहीत. उद्या संध्याकाळी येतील."

"मग आता काय करायचं?"

"कोपऱ्यावरचा दवाखाना साडेनऊला उघडतो."

तो पायरीवर घुटमळला. मी दार लावले आणि सिस्टर पेशंटच्या नोंदी ठेवते त्या वहीत आजींच्या नावापुढे वेळ लिहिली: नऊ दहा. सिस्टरची नाव दोन तासांपूर्वीच काठावरून निघाली असणार.