तळपायाची आग

पाय दुखणाऱ्या माणसांच्या ग्रुपमध्ये गोष्टी फार साठतात, कारण एकदा बसलं की कोणी लवकर उठतच नाही! मी इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमला एचआयव्ही क्लिनिकमध्ये नर्स आहे. दर महिन्याला आमच्या पेशंट्सचा सपोर्ट ग्रुप भरतो. तिथे चहा करायचा आणि ऐकायचं, हे माझं काम. व्हायरसला औषधांनी केव्हाच गप्प बसवलंय, पण पायांच्या नसा गेल्यात. तळव्यांना निखारे लावल्यासारखी आग होते, अंगावरची चादरही टोचते. नावं मी बदललीत. पाय खरे आहेत.

*

टेरी ग्रुपमधला सगळ्यात जुना, रिटायर्ड बस ड्रायव्हर. पेनकिलर झाल्या, मलमं झाली, काही लागू पडेना. मग तो गुपचूप गांजा आणून ओढायला लागला. एका नव्या डॉक्टरने हिस्टरी घेताना विचारलं, "ड्रग्ज घेता का?"

टेरी शांतपणे म्हणाला, "कोणती? तुम्ही लोकांनी दिली आणि माझे पाय गेले, ती? की मी आणली आणि मला झोप लागली, ती?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "दोन्हींबद्दल सांगा," म्हणाला. त्या दिवशी आमचं क्लिनिक फार लांबलं.

या दुखण्यासाठी एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, कॅनाबिस सहसा मिळत नाही. पुढे एका खासगी स्पेशालिस्टने टेरीला ते रीतसर लिहून दिलं.

*

टेरी 'तुम्ही लोकांनी दिली' म्हणाला, ती सुरुवातीच्या काळातली एचआयव्हीची औषधं. त्यातल्या काहींनी जीव वाचवले आणि नसा जाळल्या. एकदा मी त्या गोळ्यांबद्दल तावातावाने बोलत होते. टेरीने मला थांबवलं.

"त्यांच्यावर चिडू नकोस. माझ्या वॉर्डमधली जी पोरं त्या गोळ्या यायच्या आधीच गेली ना, त्यांचे पाय आज अजिबात दुखत नाहीत."



*

मधुकाका मूळचे सांगलीचे, सगळी नोकरी इथे इंजिनिअर म्हणून झाली. आजार कसा झाला, हे ग्रुपमध्ये कोणी कोणाला विचारत नाही. मीही नाही विचारलं. शैलाकाकू मात्र प्रत्येक मीटिंगला त्यांच्या शेजारी असतात.

टेरीचं ऐकून काकांनीही स्पेशालिस्टशी व्हिडिओवर बोलायचं ठरवलं. मदतीला मी होते. 'कॅनाबिस' म्हणजे काय ते काकूंना उलगडून सांगितलं, तर त्या उडाल्याच!

"म्हणजे गांजा? अहो, आमच्याकडे गोसावी ओढायचे तो!"

काका म्हणाले, "मग एवढे मैलोन्मैल ते अनवाणी कसे चालायचे, वाटलं तुला?"

*

सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. ग्रेस झिम्बाब्वेची, केअर होममध्ये म्हाताऱ्यांचं करते. तिलाही कॅनाबिसचं तेल थोडं थोडं वाढवत दिलं. पाय निवले, पण डोकं हलकं व्हायला लागलं. तिने स्वतःहून बंद केलं.

मी म्हटलं, "डोस कमी करून बघायचा का?"

"नको," ती म्हणाली. "चर्चमध्ये प्रार्थना करताना मधेच शब्द हरवतात. दुखत असताना मी कोणाशी बोलतेय, ते तरी मला कळतं."

*

काकांना मात्र उतार पडला. किती, असं विचारलं की म्हणायचे, "पाहुणा गेला नाहीये. पण आता बाहेर हॉलमध्ये बसतो, बेडरूममध्ये येत नाही."

तेवढ्यात सांगलीला त्यांचे थोरले भाऊ अंथरुणाला खिळल्याची बातमी आली. हे औषध भारतात नेता येत नाही. काका ते इथेच ठेवून गेले. भावाच्या खाटेजवळ बसले, पण पाय एका जागी ठरेनात.

"काय झालंय पायांना?" भावाने विचारलं.

"काही नाही दादा, विमानात सुजलेत."

दादांनी त्यांच्या पायांकडे बघितलं. म्हणाले, "मधू, खोटं बोलायला एवढ्या लांबून आलास?"

"मग?" मी काकांना विचारलं.

"मग काय! सांगितलं सगळं. दादाने माझा हात धरला तो जेवणाची वेळ झाली तरी सोडला नाही."

*

गेल्या उन्हाळ्यात काकांच्या मुलीचं लग्न झालं. रेवा इथेच जन्मली, इथेच वाढली; मराठी मोडकंतोडकं बोलते. घरी दिवाळीला, वाढदिवसाला सगळे नमस्कार करायचे, पण बाबांच्या पायांची आग होते, त्यांना हात लावायचा नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक. ती वाकायची आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर जमिनीला हात टेकवायची.

लग्न लागलं. जोडी नमस्काराला आली. काका खुर्चीत बसलेले, बूट-मोजे काढून. मी काकूंच्या मागेच उभी होते. रेवा वाकली आणि सवयीने हात कार्पेटवर ठेवायला गेली. काकांनी दोन्ही पाय पुढे केले.

"बाबा, नको! तुझी पाय दुखेल."

"दुखू दे. ठेव हात."

तिने हळूच एक हात ठेवला, मग दुसरा. काकांनी खुर्चीचे हात गच्च धरले, पण पाय मागे घेतले नाहीत. काकूंनी तोंडाला पदर लावला.

रेवा तशीच वाकलेली. मग तिने मान वर केली. चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य.

"बाबा," ती म्हणाली, "तुझी पाय तर किती थंड आहे!"